वंशावळ जपणारी माणसे

(स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांच्या सोलापूर येथील परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



सुगी उरकली, घरात धान्य आले की सीमाभागातल्या गावांत हेळवी येतो. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे विजयपूर, बेळगाव या पट्ट्यात हा समाज पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या वंशावळी सांगत आला आहे. पूर्वी तो सजवलेल्या बैलावरून यायचा. दारात थांबून घरमालकाच्या खापरपणजोबापासून नावे म्हणायचा: मूळ गाव कोणते, ते का सुटले, कुलदैवत कुठले, कोणता भाऊ कोणत्या मुलखात गेला. मागच्या फेरीनंतर जन्मलेल्या मुलांची नावे विचारून चोपडीत घालायचा आणि धान्य, कापड, कधी एखादे जनावर अशी बिदागी घेऊन पुढच्या घरी जायचा. कोणती गावे, कोणती घरे कोणाची, हे हेळव्यांच्या घराघरांत ठरलेले असते. बापाची गावे मुलाकडे येतात आणि त्यांच्याबरोबर चोपडीही येते.

हेळव्याचे नाव अगदी पहिल्यांदा घेण्याचे कारण आहे. कौटुंबिक इतिहासाची चर्चा निघाली की ती लगेच दप्तरखान्याकडे वळते, आणि दप्तर जपणारा माणूस बाजूला राहतो. सोलापूर जिल्ह्यात कागदांची वाण नाही. ते वाचू शकणारी, त्यांतल्या खुणा ओळखणारी माणसे मात्र झपाट्याने कमी होत आहेत. परिषदेने काही करायचे ठरवलेच, तर सुरुवात या माणसांपासून व्हावी.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या क्षेत्रोपाध्यांच्या घरी यजमानांच्या वह्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडेही अशाच वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये बरोबर ती वही काढतात. आलेला माणूस आपले नाव, बापाचे, आजाचे, भावांचे, मुलांचे नाव लिहितो किंवा सांगून लिहवतो, खाली सही करतो. 1973 च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने आणि 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने देवळातले बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले. ते योग्यच झाले. पण उपाध्यांच्या घरातल्या वह्या ही निराळी गोष्ट. त्या खाजगी आहेत आणि त्यांचे भवितव्य पुढच्या पिढीच्या इच्छेवर अवलंबून आहे. मुलगा पुण्यात नोकरीला लागला की त्या माळ्यावर जातात, आणि माळ्यावरून पुढे कुठे जातात ते सर्वांना ठाऊक आहे.

अशा वह्यांतून काय हाती लागू शकते, हे कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी दाखवून दिले. पहाडी चित्रशैली राजेरजवाड्यांच्या नावांनी ओळखल्या जात होत्या. गोस्वामींनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या चाळून चित्रकारांची घराणी जुळवली आणि शैलीचे मूळ दरबारापेक्षा कुटुंबात आहे, असे 1968 मध्ये मांडले. 1763 मध्ये आपल्या आश्रयदात्याच्या अस्थी घेऊन हरिद्वारला गेलेल्या नैनसुख या थोर चित्रकाराने पंड्याच्या वहीत स्वतःच्या हाताने नोंद केली, चित्रही काढले. आपल्या वह्यांतही गवंडी, कासार, तांबट, विणकर, तमासगीर यांची घराणी असणार. ती आजवर कोणी शोधायलाच बसले नाही.

सरकारी कागदांची गोष्ट वेगळी. ते माणसांसाठी लिहिले गेले नाहीत, जमिनीसाठी आणि वसुलीसाठी लिहिले गेले. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा इनामदारांना आपला हक्क सिद्ध करण्यासाठी कैफियती आणि वंशावळी द्याव्या लागल्या. त्या मोडी कागदांचे रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. गावपातळीवर फेरफार, वारस नोंदी, कोतवाल बुकातले जन्ममृत्यू, शाळेच्या जनरल रजिस्टरातली नावे. यांतला प्रत्येक कागद अपुरा आहे. चार कागद शेजारी ठेवले की एक घर उभे राहते.

2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि हे सगळे कागद एकदम उजेडात आले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी तहसील कचेऱ्यांतली दप्तरे उघडली, लाखो नोंदी सापडल्या, आणि मोडी वाचणाऱ्याला अचानक मागणी आली. ज्या मराठा आरक्षणासाठी हा शोध झाला, त्या प्रश्नावर मतभेद असतील. पण ज्या लिपीत महाराष्ट्राने शतकानुशतके रोजचा व्यवहार लिहिला, ती वाचायला माणूस शोधावा लागतो, ही अवस्था सर्वांनीच मनाला लावून घ्यावी अशी आहे. शिवाय त्या शोधाला ‘कुणबी’ हा एकच शब्द हवा होता. तो सापडला की पान उलटले. त्याच पानावर दुष्काळात गाव सोडून गेलेले घर असेल, पटकीत एका आठवड्यात दगावलेली तीन भावंडे असतील, तर त्यांची दखल कोणी घ्यायची?

सोलापूरची आणखी एक अडचण म्हणजे इथल्या जुन्या सरहद्दी. बार्शी इंग्रजांकडे आणि शेजारचे परांडे निजामाकडे. अक्कलकोट संस्थान 1948 पर्यंत वेगळे. एकाच घराण्यातल्या दोन भावांपैकी एकाचे कागद मोडीत पुण्याला, दुसऱ्याचे फारसीत किंवा उर्दूत हैदराबादला. लिंगायत घरांतल्या चोपड्या कानडीत, विणकरांची पत्रे तेलुगूत. म्हणून नुसते मोडीचे वर्ग काढून इथले काम भागणार नाही. या शहरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू या चारही भाषा बोलणारी माणसे एकाच चाळीत राहतात. अशी सोय दुसऱ्या गावाला क्वचितच मिळेल, आणि तिचा उपयोग करून घेतला पाहिजे.

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हे शहर उभे केले. 1877 मध्ये निघालेली जुनी मिल आणि तिच्या मागोमाग आलेल्या गिरण्या, हातमाग, यंत्रमाग यांच्या आधाराने ही घरे इथे रुजली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा हा समाज रस्त्यावर दिसतो, पण कोणते घर कोणत्या गावातून कधी आले, हे बहुतेक आजी-आजोबांच्या तोंडीच आहे. तेलंगणात पद्मशाल्यांचे आश्रित कूनपुली लोक चेरियालचे लांब पटचित्र उलगडून मार्कंडेय आणि भावनाऋषीची कथा सांगत आले. ती झाली कुळाची कथा. घराची कथा हवी तर गिरणीचे हजेरीपट आणि प्रॉव्हिडंट फंडाचे अर्ज पाहावे लागतील, कारण त्यांत वारसाचे नाव असते. गिरण्या बंद पडल्या आणि त्यांचे भंगार विकले गेले. हजेरीपट मात्र कोणी इतिहासाचे साधन म्हणून मागितले नाहीत.

आता सेटलमेंट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीविषयी. याच शहरात गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, पारधी, मांग गारुडी, टकारी अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवले गेले. 1911 च्या कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची मुभा दिली. हजेरी रोजची. बायकामुलांसह सारे घर सरकारी रजिस्टरात. मुंबई प्रांतात तो कायदा 1949 मध्ये गेला, देशभरात 31 ऑगस्ट 1952 रोजी. पुढे या जमातींना विमुक्त जातींच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागू लागला. ज्यांना कायद्याने एका जागी डांबले किंवा सतत पिटाळले, त्यांच्याकडे जमिनीचा उतारा कुठून असणार? ज्या रजिस्टरांनी त्यांना गुन्हेगार ठरवले, तीच अनेकदा त्यांच्या आजोबांची एकमेव लेखी खूण असते. अशी रजिस्टरे जपायलाच हवीत. पण ती कोणी, कशी पाहायची, हे त्या वस्तीतल्या लोकांनी ठरवावे. विद्यापीठाने नव्हे, या परिषदेनेही नव्हे.

घराघराचे कुलवृत्तांत मराठीत भरपूर छापले गेले. गोखले, केळकर अशा कुलांचे मोठमोठे ग्रंथ झाले. त्या परिश्रमांना नमस्कार. पण बहुतेक वंशवृक्षांत मुलगी लग्नापाशी थांबते आणि सून नव्या नावाने सुरू होते. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव लिहिणे राज्याने सक्तीचे केले. मागच्या पिढ्यांतल्या बायका शोधायच्या, तर सोलापुरात एक वाट आहे, ती म्हणजे विडी. इथल्या हजारो बायका विड्या वळत आल्या. त्यांची ओळखपत्रे, त्यांचे फंडाचे खाते त्यांच्याच नावावर असते. कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत झाली, 2006 मध्ये घरांचे वाटप झाले. त्या घरांच्या यादीत कर्त्या म्हणून बाई येते. सोलापूरच्या कौटुंबिक इतिहासाला याहून मोलाची यादी क्वचितच मिळेल.

व्यवहाराचे थोडे. जुना कागद लॅमिनेट करू नये. उष्णतेने तो प्लास्टिकला कायमचा चिकटतो. चिकटपट्टी लावू नये, टाचण्या काढून टाकाव्यात, ओल्या भिंतीला टेकून पेटी ठेवू नये. फोटो काढताना पानाबरोबर वहीचे वेष्टनही टिपावे, कारण गावाचे नाव पुष्कळदा तिथेच असते. हयात माणसांच्या नोंदी त्यांच्या संमतीशिवाय खुल्या करू नयेत. दत्तक, दुसरे लग्न, आजार यांच्या नोंदींबाबत तर अधिकच जपावे.

परिषदेपुढे या चोपड्या-वह्यांविषयी एक ठराव आहे, त्यात दोन दुरुस्त्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली: हेळवी आणि क्षेत्रोपाध्ये यांची मूळ चोपडी त्यांच्याकडेच राहावी, तिची छायाप्रत आधी त्यांना मिळावी, आणि वाचून दाखवण्याचा मोबदला दिवसाच्या हिशेबाने रोख द्यावा. मानचिन्ह आणि श्रीफळ पुरेसे नाही. दुसरी: वाचन चालू असताना शेजारी मोडी, कानडी, तेलुगू आणि उर्दू शिकणारे प्रत्येकी दोन विद्यार्थी बसवावेत, ध्वनिमुद्रण करावे, आणि ज्या गावाची चोपडी असेल त्या गावातच हे वाचन व्हावे. म्हातारी माणसे तिथे असतात, आणि एखादे नाव चुकले तर ती तिथल्या तिथे सांगतात. यंदाच्या ज्वारीची काढणी माघ-फाल्गुनात होईल. त्याआधी निदान दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांत फिरणाऱ्या हेळव्यांना भेटून त्यांच्या फेरीच्या तारखा विचारून घ्याव्यात.