डायलिसिसचे पथ्य आणि घरचे ताट
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. पण औषध डॉक्टरांनी लिहिले, तरी पथ्याचे ताट आपल्यालाच वाढावे लागते. म्हणून दोन शब्द सांगते.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना चार वर्षे आठवड्यातून 3 वेळा, चार-चार तास डायलिसिसला न्यावे लागते. मूत्रपिंडे थकली की रक्तातील घाण व फाजील पाणी यंत्राने काढतात. पण तांदूळ धुताना धुळीबरोबर थोडे सत्त्वही जाते, तसेच येथे होते. एका खेपेस साधारण 6 ते 12 ग्रॅम अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, वाहून जातात.

आता मुख्य गोष्ट. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी डाळ-दूध कमी करायला सांगतात. सुरू झाल्यावर मात्र प्रथिने वाढवावी लागतात: वजनाच्या दर किलोला रोज 1 ते 1.2 ग्रॅम. म्हणजे 50 किलोच्या बाईला 50 ते 60 ग्रॅम. पुष्कळ घरांत जुनेच पथ्य चालू राहते आणि माणूस उपचार घेता घेता खंगत जाते. 1990 साली अमेरिकेत 12 हजारांहून अधिक रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तात अल्बुमिन हे प्रथिन कमी, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण फार जास्त आढळले. अल्बुमिन जंतुसंसर्गानेही उतरते. म्हणून कारण डॉक्टरांनाच विचारावे.

नुसत्या वजनकाट्यावरही विसंबू नये. जाऊबाईंचे वजन तेवढेच होते, पण बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. मांस झडले होते आणि त्याची जागा पाण्याने घेतली होती! आहारतज्ज्ञ बाईंनी ते ओळखले.

त्यांनी सांगितलेले असे: अंडे चालत असेल तर पांढरा बलक द्यावा, एकात सुमारे साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात. न चालेल त्यांनी डाळ, पनीर, दही किती घ्यावे ते रक्त तपासून ठरवावे. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकडावी व ते पाणी टाकावे, म्हणजे पोटॅशियम कमी होते. शहाळे टाळावे. बाजारातले ‘कमी सोडियमचे’ मीठही नको. त्यात पोटॅशियमच असते, आणि ते वाढले तर हृदय बंद पडू शकते. डायलिसिसच्या दिवशी सकाळचे जेवण हुकते, तेव्हा डबा बरोबर द्यावा. कधी खायचा ते तेथील सिस्टरना विचारावे.

जाऊबाई म्हणत, “इतकी वर्षे चातुर्मास पाळला, आता का मोडू?” पण उपासाचे बटाटे, रताळी, शेंगदाणे यांत पोटॅशियम भरपूर. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “अगं, देवाला तुझा उपास नको, तू हवीस.” तेव्हापासून त्या जेवू लागल्या.

भगिनींनो, घरचा पुरुष आजारी पडला तर आपण त्याच्यासाठी वेगळे रांधतो. बाई आजारी पडली तर ती सर्वांना वाढून उरलेसुरले खाते. यंत्र रक्त शुद्ध करील, पण अंगात बळ भरणार नाही. ते ताटातूनच यायचे. म्हणून अशा बाईचे ताट घरात सर्वांत आधी वाढावे, एवढीच माझी विनंती.