लोकसंख्येचा आकडा आणि स्थानिक परिषदा

स्थानिक स्वराज्याच्या पुनर्रचनेवर विचार करण्यासाठी ही परिषद भरली आहे. पुनर्रचित संस्थेची लोकसंख्या किती असावी, या प्रश्नाची उकल इंग्लंडच्या अनुभवातून चांगली होते.

1969 साली रेडक्लिफ-मॉड आयोगाने असे मत मांडले की, शिक्षण व समाजसेवेसाठी तज्ज्ञ कर्मचारीवर्ग ठेवायचा तर किमान अडीच लाख लोकसंख्या हवी आणि ती दहा लाखांपलीकडे गेल्यास कारभार आटोक्यात राहत नाही. म्हणून बहुतेक भागांसाठी त्याने एकस्तरीय परिषदा, म्हणजे वरच्या व खालच्या दोन्ही पातळ्यांची कामे एकाच संस्थेकडे देणारी रचना, सुचवली. सरकार बदलले आणि 1974 पासून अमलात आली ती काउंटी व डिस्ट्रिक्ट अशी द्विस्तरीय व्यवस्था. डिसेंबर 2024 च्या श्वेतपत्रिकेने, म्हणजे शासनाच्या धोरण-निवेदनाने, ही व्यवस्था मोडून एकस्तरीय परिषदांसाठी, अपवादांना वाव ठेवून, पाच लाख किंवा अधिक लोकसंख्येचा निकष पुढे केला. गंमत अशी की, 2023 मध्येच स्थापन झालेली कंबरलँड परिषद पावणेतीन लाखांच्या आसपास आहे आणि रटलंड तर सुमारे 41 हजारांवर एकस्तरीय कारभार चालवते. उलट अकरा लाखांहून मोठ्या बर्मिंगहॅमच्या परिषदेला समान वेतनाच्या थकीत देण्यांसह अनेक कारणांनी सप्टेंबर 2023 मध्ये, जमाखर्चाचा मेळ बसत नसल्याची वैधानिक सूचना काढावी लागली.

आकार वाढला की काटकसर होते, हे गृहीतक म्हणूनच तपासून घ्यावे लागते. कचरा उचलणे, वृद्धांची शुश्रूषा आणि रस्तेबांधणी यांचे किफायतशीर क्षेत्र एकसारखे नसते, आणि संस्था विलीन झाल्या की बहुधा सदस्यसंख्या घटून एका सदस्यामागील मतदार वाढतात. ही किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

महाराष्ट्रात 1962 साली जिल्हा परिषदा आल्या त्या महसुली जिल्ह्यांच्या हद्दींवर, लोकसंख्येचा दंडक ठरवून नव्हे. पुण्याची आणि सिंधुदुर्गाची चौकट त्यामुळे एकच राहिली. प्रतिनिधींनी कोणताही आकडा सुचवण्याआधी तो कोणत्या सेवेसाठी आणि एका सदस्यामागे किती मतदार गृहीत धरून काढला, हे नोंदवावे, अशी स्वागत समितीची विनंती आहे.