जहाजानंतरचा रस्ता

उन्हाळ्यांत कॅनडांतील व्हँकुव्हर बंदर सोडून उत्तरेकडे निघालेलें प्रवासी जहाज सुमारें एका आठवड्यानें अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर, सीवर्ड किंवा व्हिटियर या लहानशा बंदरांत येऊन थांबतें. या आठवड्यांत हिमनद्यांचे निळसर कडे पाहून झालेले असतात, देवमाशांचीं शेपटें पाहून झालेलीं असतात, आणि दोन-तीन हजार माणसांनीं एकाच कठड्यास टेकून एकाच कड्याचीं छायाचित्रें घेतलेलीं असतात. बहुतेकांचा प्रवास येथें संपतो. सामान उचलून ते विमानतळाची वाट धरतात. परंतु या गर्दींतून कधीं कधीं आठ-दहा माणसें बाजूस होतात, कॅमेरे व लांब पल्ल्याचीं भिंगें सांभाळीत एका लहानशा मोटारींत बसतात, आणि पुढचा आठवडा अलास्काच्या अंतर्भागांतील पर्वत व रानटी जनावरें पाहण्यांत घालवितात.

जहाजावरील पाहणें आणि रस्त्यावरील पाहणें यांत मोठा भेद आहे. जहाजावर देखावा प्रवाशापुढें आपण होऊन येतो. हिमनदी किती वाजतां दिसणार हें आदल्या दिवशींच कळविलेलें असतें, आणि बहुधा त्या वेळीं ती समोर उभी असते. रस्त्यावर असें आश्वासन कोणासहि देतां येत नाहीं. देवळांतील मूर्ति 'पाहिली' असें मराठी माणूस सहसा म्हणत नाहीं. 'दर्शन झालें' असें म्हणतो. पाहणें हें पाहणाऱ्याच्या हातीं असतें, दर्शन देणें हें देवाच्या. अलास्काच्या रस्त्यावर होतें तें दर्शनच.

थांबण्याचा पहिला धडा व्हिटियर सोडतांनाच मिळतो. बंदराबाहेर पडण्यास सुमारें अडीच मैल लांबीच्या एका बोगद्यांतून जावें लागतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत आगगाडीसाठीं खोदलेला हा बोगदा २००० सालीं मोटारींसहि खुला झाला. परंतु आंत वाट एकच, आणि रूळहि त्याच वाटेंत. त्यामुळें जाणाऱ्या मोटारी, येणाऱ्या मोटारी व आगगाडी यांनीं आळीपाळीनें जावयाचें, आणि इतरांनीं तोंडाशीं स्वस्थ उभें राहावयाचें. पलीकडे खाडीचा एक चिंचोळा फांटा लागतो. १७७८ मध्यें कॅप्टन कुकच्या जहाजांस येथून वाट न सांपडल्यामुळें पुन्हा मागें वळावें लागलें, म्हणून त्याचें नांव टर्नअगेन पडलें. रस्ता पाण्याच्या कडेनें जातो आणि वर सरळ उभे कडे असतात. त्या कड्यांवर पांढरे ठिपके हलतांना दिसतात; तीं डॉल जातीचीं रानमेंढरें होत. गाडी येथें थांबते, आणि आठ दिवसांनीं प्रथमच प्रवाशांस कळतें कीं हवें तेथें थांबतां येणें ही केवढी संपत्ति आहे.

लहान टोळीचें मर्म याच गोष्टींत आहे. गाडींत प्रत्येकास एक खिडकी मिळते. खिडकीच्या कडेवर धान्य भरलेली लहान पिशवी ठेवून तिच्यावर भिंग टेकविलें, इंजिन बंद केलें, आणि सर्वांनीं बोलणें थांबविलें, म्हणजे ती मोटार शिकाऱ्याच्या मचाणाचें काम करते. माणूस खालीं उतरला कीं त्याची उभी आकृति जनावर तत्काळ ओळखतें; उभ्या गाडीकडे तें बहुधा दुर्लक्ष करतें. चाळीस माणसांच्या गाडींत ही शांतता साधत नाहीं.

अँकरेज शहराहून सरळ उत्तरेस जाणारा हमरस्ता सुमारें २४० मैलांवर डेनाली राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशीं पोहोंचतो. छायाचित्रें घेणारे मात्र पुष्कळदां पूर्वेकडून वळसा घालून पॅक्सन येथें येतात आणि तेथून पश्चिमेस कँटवेलपर्यंत जाणारा १३५ मैलांचा डेनाली रस्ता धरतात. १९५७ मध्यें खुला झालेला हा रस्ता अद्यापहि बहुतेक खडीचाच आहे, आणि त्यावरून ताशीं तीस मैलांहून अधिक वेगानें जाणें शहाणपणाचें नाहीं. १९७१ मध्यें नवा हमरस्ता पुरा होईपर्यंत उद्यानाकडे मोटारीनें जाण्याची हीच एक वाट होती. ऑगस्टच्या अखेरीस येथील वृक्षहीन माळ, ज्यास टुंड्रा म्हणतात, तांबडा होऊं लागतो. बुटक्या बर्च झुडपांचीं व रानफळांच्या जाळ्यांचीं पानें कुंकवासारखीं दिसतात, मध्येंच विलोचा पिवळा पट्टा उठतो, आणि त्यांतून कॅरिबू हरणांचा कळप हळूहळू सरकत जातो. तळ्याच्या कांठीं मूस उभा असतो; त्याच्या शेजारीं सह्याद्रींतील सांबरहि लहान वाटेल. येथें घाई करणाऱ्यास कांहींच मिळत नाहीं. ढग अर्धा तास डोंगरावर बसून राहतो, एक मिनिट सरकतो, पुन्हा बसतो.

खुद्द उद्यानांत प्रवाशाची मुखत्यारी संपते. हें उद्यान जन्मास आलें तेंच मुळीं जनावरांसाठीं. चार्ल्स शेल्डन नांवाचा निसर्गाभ्यासक १९०६ मध्यें रानमेंढरांचा अभ्यास करण्यास येथें आला आणि १९०७-०८ चा हिवाळाहि त्यानें येथेंच काढला. मांसाच्या व्यापारासाठीं मेंढरांची होणारी कत्तल पाहून हा प्रदेश राखून ठेवावा असें त्यास वाटलें. त्याच्या व इतरांच्या प्रयत्नांनीं २६ फेब्रुवारी १९१७ रोजीं उद्यान स्थापन झालें. आंतील ९२ मैलांच्या रस्त्यावर खासगी मोटारींस सामान्यतः पहिले १५ मैलच जातां येतें. पुढें उद्यानाच्या बसमध्यें बसावें लागतें. हा निर्बंध १९७२ पासूनचा आहे. नवा हमरस्ता होतांच मोटारींची रीघ लागेल आणि जनावरें रस्त्यापासून दूर पळतील, हें अधिकाऱ्यांनीं वेळींच ओळखलें.

अंतराचेहि नियम आहेत. अस्वलापासून ३०० यार्ड दूर राहावयाचें. मूस, कॅरिबू, मेंढरें व लांडगे यांच्यापासून निदान २५ यार्ड. नवख्यास अस्वलाचा नियम जुलमी वाटतो. परंतु त्या अस्वलाची बाजू पाहावी. किनाऱ्यावरील अस्वलांस नद्यांतून मुबलक सॅमन मासे मिळतात; या अंतर्भागांतील अस्वलास मुळें, गवत व रानफळें यांवरच मुख्यत्वें गुजारा करावा लागतो. हिवाळ्याची दीर्घ निद्रा ज्या चरबीवर काढावयाची, ती थोड्या आठवड्यांत सांठवावयाची असते. म्हणून हेमंताच्या तोंडावर तें दिवसभर तोंड खालीं घालून खात असतें. त्यानें मान वर करून पाहावें यासाठीं छायाचित्रकार उतावीळ झालेला असतो. पण मान वर केली म्हणजे खाणें थांबलें, आणि खाणें थांबलें म्हणजे कोणी तरी फार जवळ आलें आहे असाच त्याचा अर्थ होतो.

ऑगस्ट २०१२ मध्यें टोक्लाट नदीच्या कांठीं एकटा फिरणारा एक पदयात्री चरत असलेल्या अस्वलाचीं छायाचित्रें घेत अनेक मिनिटें उभा राहिला. अंतर नियमापेक्षां पुष्कळच कमी होतें. अस्वलानें त्यास ठार केलें. त्याच्या कॅमेऱ्यांतील चित्रांवरून पुढें हा सर्व प्रकार उलगडला. अस्वलाच्या हल्ल्यांत मनुष्य दगावल्याची त्या उद्यानाच्या इतिहासांतील ती पहिलीच नोंद होय. त्यानंतर तें अस्वलहि गोळी घालून मारण्यांत आलें. अंतर न पाळल्याचें मोल दोघांनींहि दिलें. परंतु अंतर ठरविण्याची मुभा एकालाच होती.

जवळ गेल्यावांचून चांगलें चित्र मिळत नाहीं, ही समजूतहि खरी नव्हे. या प्रदेशाचें जें छायाचित्र जगभर गाजलें, तें ॲन्सेल ॲडम्स यांनीं १९४७ च्या उन्हाळ्यांत वंडर सरोवराच्या बाजूनें घेतलें. तेथें त्या दिवसांत सूर्य रात्रीं फार उशिरां मावळून थोड्याच तासांत पुन्हा उगवतो. त्या पहिल्या उजेडांत शिखर उजळलें आणि सरोवर अंधारांतून नुकतेंच वर येत होतें. चित्रांत पर्वत समोर उभा राहून बोलत असल्यासारखा वाटतो; प्रत्यक्षांत तो पंचवीसहून अधिक मैल दूर आहे. आज त्या जागीं जाण्यासहि पहिल्यासारखी सोपी वाट राहिली नाहीं. गोठलेली जमीन वितळूं लागल्यामुळें रस्त्याच्या निम्म्या वाटेवरील एक उतार, जो पूर्वीं वर्षास कांहीं इंच सरकत असे, तो २०२१ मध्यें दिवसाला फूटभर सरकूं लागला. त्या ऑगस्टांत ४३ व्या मैलाजवळ रस्ता बंद करावा लागला, आणि त्यानंतर तेथें पूल बांधण्याचें काम हातीं घेण्यांत आलें.

राहिला तो पर्वत. उंची २०,३१० फूट. उत्तर अमेरिकेंत याहून उंच शिखर नाहीं. तेथील मूळ रहिवासी त्यास उंच असा अर्थ असलेल्या डेनाली या नांवानें ओळखीत आले आहेत. अमेरिकेच्या सरकारनें हेंच नांव २०१५ मध्यें स्वीकारलें, आणि २०२५ मध्यें पुन्हा मॅकिन्ली हें नांव दिलें. उद्यानाचें नांव मात्र डेनालीच राहिलें. नांवांच्या या वादाची पर्वताला दाद नाहीं. उन्हाळ्यांत तो बहुधा ढगांत असतो, आणि येणाऱ्या तिघांतून सुमारें एकासच त्याचें दर्शन घडतें.

ज्या दोघांस तें घडत नाहीं, त्यांची सफर फुकट गेली काय? परततांना त्यांच्या कॅमेऱ्यांत एखादें असें चित्र असतें, ज्यांत तांबड्या माळावर अस्वल तिळाएवढें दिसतें, वर ढग आहेत, आणि त्या अस्वलाची मान खालींच आहे. घरीं पाहणारा विचारतो कीं, अस्वल एवढें लहान कां? त्याचें उत्तर असें कीं, तें आपल्या घरीं जेवत होतें, आणि दारांत उभ्या असलेल्या पाहुण्यानें उंबरठा ओलांडला नाहीं.