साचाखात्यापासून वेबसाइटपर्यंत

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीकाका म्हणाले, "तू कॉम्प्युटरवर नक्की काय करतेस ते सगळ्यांना एकदा सांगून टाक. लिफ्टमध्ये रोज कुणीतरी विचारतंच." म्हणून उभी आहे.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वेबसाइट बनवायला शिकते आहे. पानावर काय असेल ते एचटीएमएलमध्ये लिहायचं, ते कसं दिसेल ते सीएसएसमध्ये, आणि बटण दाबल्यावर काय घडेल ते जावास्क्रिप्टमध्ये. कामाचे भाग हे तीनच.

लालबाग-परळच्या माणसांना हे परकं वाटायचं कारण नाही. माझे आजोबा गिरणीत साचेवाले होते. इथले बरेच आजोबा होते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड यांनी एक साचा तयार केला. त्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावायच्या. पट्टीला भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. साचा तोच, पट्ट्यांची माळ बदलली की काठावरची नक्षी बदलली. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी गणिती यंत्रासाठी हीच कल्पना घेतली. १८९० च्या अमेरिकेतल्या जनगणनेत हॉलेरिथ यांच्या यंत्रांनी अशीच भोकांची कार्डं मोजली. भोक आहे किंवा नाही, यावरच आजचा कॉम्प्युटरही चालतो. तेव्हा आजोबांची नात घराण्याचाच धंदा करते आहे म्हणायला हरकत नाही.

मी या वाटेला लागले २०२० मध्ये. आमची दहावीची बॅच म्हणजे भूगोलाचा पेपर रद्द झालेली बॅच. घरात फोन एक आणि वापरणारे चार. दुकानं उघडल्यावर बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून जुना लॅपटॉप आणून दिला. कुठल्याही वेबपानाचा सोर्स उघडून बघता येतो हे एकदा कळलं, आणि मग मी दिसेल ते पान उसवत सुटले. बारावीला घरात जागा पुरेना, तेव्हा कमिटीने ठराव करून रात्री नऊनंतर सोसायटीचं ऑफिस आम्हा मुलांना अभ्यासाला दिलं. इतिवृत्तात ती एक ओळ असेल. माझं निम्मं शिक्षण त्या ओळीवर झालं.

सध्या मला ध्यास लागलाय तो आपल्या अक्षरांचा. त्याचं कारण आपल्याच बिल्डिंगमध्ये घडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा एक ऑनलाइन अर्ज परत आला. अर्जातलं नाव आणि कागदपत्रांवरचं नाव जुळत नव्हतं. आजींनी नाव बरोबर दिलं होतं, पण अर्जाच्या चौकटीत ते अर्धवट कापलं गेलं होतं. त्यासाठी या वयात त्यांना तीन खेपा पडल्या.

असं का होतं? 'लक्ष्मीबाई' हे नाव घ्या. आपल्याला दिसतात चार अक्षरं: ल, क्ष्मी, बा, ई. कॉम्प्युटर व्यंजन, हलन्ताची खूण, काना, वेलांटी सगळं वेगळं धरतो आणि मोजतो दहा. पाचावर कापलं तर उरतं 'लक्ष्'. मुळात इंग्रजी नावांच्या हिशेबाने चौकट आखली की आपली जोडाक्षरं अशी तुटतात. याला उपाय आहे. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम आला, आणि जावास्क्रिप्टमध्ये अक्षरं नीट वेगळी करणारी सोयही आहे. पण ती वापरायची आठवण कोडिंग करणाऱ्याला व्हायला हवी. ज्याच्या घरात लक्ष्मीबाई आहेत, त्याला ती लवकर होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न: "एआय कोड लिहितो म्हणे, मग तुझं काय होणार?" हे तुम्ही सहज विचारत नाही, ते मला कळतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे भोंगे कायमचे थांबले, ते तुम्ही पाहिलंय. हातातलं कसब एका रात्रीत बिनकामाचं होतं म्हणजे काय, ते मला पुस्तकातून शिकायची गरज नाही. आमच्या घरात ते जेवणाच्या पानावर बोललं गेलंय. मलाही भीती वाटते. साधा कोड यंत्र माझ्याहून झटपट लिहितं, हे रोज बघते. पण आजींच्या तीन खेपा यंत्राने मोजल्या नव्हत्या. त्या मोजणारं माणूस व्हायचं, एवढं मी ठरवलंय.

शेवटी दोन गोष्टी. सोसायटीच्या नोटिसा, मेंटेनन्स आणि पाण्याच्या वेळा दाखवणारं मराठी पान मी बनवते आहे, मोठ्या अक्षरात. त्याची परीक्षा साठीच्या पुढच्या मंडळींनी घ्यायची. चष्मा शोधावा लागला तर मी नापास. आणि दर रविवारी दहा ते बारा मी ऑफिसात बसेन. कुणाचा अर्ज भरायचा असेल तर या, आणि पाचवीच्या पुढची मुलं शिकायला आली तर त्यांनाही घेऊन बसेन.

चावी मात्र पूर्वीसारखीच द्या, काका.