खाली बसवलेली मोटार आणि चाकांची चाल



या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत अनेक विषय होतात. आम्ही मात्र आज मोटारीच्या चाकांविषयी बोलणार आहोत. आणि तीही आखूड स्प्रिंगा घालून खाली बसवलेल्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या. कोणी विचारील, ही तर पैसेवाल्यांची हौस, कामगारांच्या कार्यकर्त्याचा तिच्याशी काय संबंध? संबंध असा, की हौस कोणाचीही असो, ती चाके जुळवणारा हात कामगाराचा असतो, आणि ती धावतात तो रस्ता आपणां सर्वांचा असतो.

प्रथम शब्द समजून घेऊ. अलाइनमेंट म्हणजे चाकांची जुळणी. ती मुख्यतः तीन कोनांची. समोरून पाहिले असता चाकाचा माथा आत वा बाहेर झुकलेला असतो, तो कॅम्बर. वरून पाहिले तर जोडीतील चाकांची तोंडे एकमेकांकडे वळलेली किंवा फाकलेली असतात, तो टो. आणि पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते तो आस सायकलच्या चिमट्यासारखा मागे कललेला असतो, तो कॅस्टर. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येते, ते बरेचसे त्याच्यामुळे.

आता मोटार खाली आणली की हे कोन का बिघडतात? जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-5 घ्या. 1989 साली आलेली ही दोन माणसांची उघडी गाडी. जपान, इंग्लंड, अमेरिका येथील हौशी मंडळी ती हमखास खाली बसवतात. तिचे प्रत्येक चाक वरखाली अशा दोन हातांवर धरलेले आहे. वरचा हात आखूड, खालचा लांब. सांगाडा खाली आला की दोन्ही हात वर कलतात. आखूड हात अधिक कलतो आणि चाकाचा माथा आत ओढतो. स्टिअरिंगचा दांडाही आपल्या वर्तुळात फिरतो, म्हणून टोही ढळू शकतो. कारखान्याने दिलेले आकडे कारखान्याच्या उंचीसाठी होते. उंची बदलली की जुळणी पुन्हा मांडावीच लागते. या गाडीच्या हातांच्या मुळाशी मध्य सोडून भोक असलेल्या चकत्या बोल्टांवर आहेत. त्या फिरवून कोन बदलतात, पण त्यांच्याही फिरण्याला मर्यादा आहे. गाडी फार खाली गेली, तर चकती संपते आणि कोन तसाच राहतो.

यात सर्वांत मोठा चोर टो. साधे गणित करा. चाक अंशाच्या केवळ सहाव्या भागाने तिरपे आहे. डोळ्यांना ते दिसणार नाही. तरी ते किलोमीटरमागे सुमारे 3 मीटर आडवे घासते. हजार किलोमीटरांत जवळजवळ 3 किलोमीटर फरफट! त्यात कॅम्बर आत झुकलेला असला, की टायर आतल्या कडेने खाल्ला जातो. बाहेरून तो नवा दिसतो, आत तारा उघड्या पडतात. भर वेगात असा टायर फुटला, तर तो हौशी आणि बिनहौशी असा भेद करीत नाही.

म्हणून काम क्रमाने व्हावे लागते. आधी हातांचे सांधे आणि रबरी बुश तपासावेत. ढिल्या सांध्यावर केलेली जुळणी म्हणजे वाळूवर मारलेली रेघ. बुशांचे बोल्ट सैल करून, गाडी नव्या उंचीवर चाकांवर उभी असताना आवळावेत, नाहीतर रबर पिळलेले राहते. थोडे अंतर चालवून स्प्रिंगा बसू द्याव्यात. टायरांत हवा सारखी भरावी. हलक्या गाडीत चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतका भार ठेवावा. मग आधी मागची चाके, नंतर पुढची. कॅस्टर, कॅम्बर, आणि शेवटी, स्टिअरिंग सरळ बांधून, टो.

एका शहरातील गॅरेजात अशी गाडी आली होती. मालकाने फिटरला अर्धा तास दिला आणि पुढचा टो तेवढा पाहण्यास सांगितले. चार महिन्यांत मागचे टायर आतून खलास. गिऱ्हाईक चिडले, आणि टायरांची किंमत फिटरच्या पगारातून कापण्याचे घाटू लागले. आम्ही बोलणीस गेलो, तेव्हा यंत्रातून निघालेला त्या दिवसाचा कागद मागवला. मागच्या चाकांचे आकडे त्यावर कामापूर्वीही तांबडे होते आणि कामानंतरही तांबडेच. मागच्या चाकांना हात लावण्याचा वेळ त्या माणसाला दिलाच नव्हता, हे कागदच बोलला. कपात रद्द झाली.

तेव्हा यंत्र आकडा दाखवते, परंतु त्या आकड्याचा अर्थ माणूस लावतो; आणि अर्थ लावायला वेळ लागतो. ज्याला तो वेळ नाकारला, त्याच्या माथी दोष मारणे हा न्याय नव्हे.

गाडी असणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे. कारखान्याने ठरवलेल्या रचनेत फेरफार करण्यापूर्वी 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाचा. उंच गतिरोधक आठवा. जुळणी कराल तेव्हा आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्या, आणि अर्ध्या तासाचे नव्हे, पुऱ्या कामाचे दाम द्या. कामगार बांधवांना सांगणे असे, की काम अपुरे करण्याचा हुकूम झाला तर तो कागदावर मागा. चाक सरळ हवे, तसा व्यवहारही सरळ हवा.