तिघांचा वर्ग

आज बर्लिनमधल्या एका महाविद्यालयाविषयी बोलायचं आहे. ज्यू धर्म, ग्रंथ आणि इतिहास यांचा चिकित्सक अभ्यास व्हावा म्हणून १८७२ साली ते निघालं. लोक त्याला नुसतं 'होखशूले', म्हणजे उच्च शिक्षणाची शाळा, म्हणत. विद्यार्थी किती होते, हे मात्र लगेच विचारू नका. आपल्याला पटाची भारी घाई. पट रोडावला की संस्था निकालात!

इथला पट कधीच फारसा फुगला नाही. स्वतःची इमारत मिळायला १९०७ साल उजाडलं. पण सुरुवातीलाच धर्मसुधारक अब्राहाम गायगर इथे शिकवून गेले. लेखक काफ्का आजारपणात १९२३ साली इथल्या वर्गात येऊन बसत. रेगिना योनास इथेच शिकल्या. स्त्रीला रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होता येईल का, हा त्यांच्या १९३०च्या प्रबंधाचा विषय. १९३५ साली त्या स्वतःच रब्बी झाल्या, तसा रीतसर मान मिळालेली जगातली पहिली स्त्री. पुढे आउश्वित्झमध्ये... ते पुन्हा कधीतरी.

मुद्दा पटाचा. विरजण चमचाभरच लागतं ना? पातेलंभर विरजण कोण लावतं? आणि आपल्या घरचं संपलं तर शेजारी मिळतं, कारण मागे त्यांनीच आपल्याकडून वाटीत नेलेलं असतं.

१९४२ उजाडलं तेव्हा विद्यार्थी उरले होते तीन आणि शिक्षक एक, रब्बी लिओ बेक. परदेशी निघून जायची संधी त्यांना होती, ती त्यांनी घेतली नाही. पुन्हा सांगतो, कारण हे ऐकताना निसटतं: तीन विद्यार्थी, आणि तरी तास चालू! त्या उन्हाळ्यात नाझींनी टाळं ठोकलं. जानेवारी १९४३मध्ये बेकना टेरेझिनश्टाटच्या छावणीत नेलं. तिथेही ते बंदिवानांना व्याख्यानं देत राहिले.

ते वाचले आणि लंडनला गेले. होखशूलेत शिकलेले वेर्नर फान डेर झाइल तिथे आधीच पोहोचले होते. त्यांच्या पुढाकाराने १९५६ साली लंडनमध्ये नवं महाविद्यालय उघडलं. वाटीतलं विरजण ते हेच. त्याच वर्षी बेक वारले आणि संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

लिओ बेक कॉलेजचा पटही लहानच. ब्रिटनमधली पहिली स्त्री रब्बी १९७५ साली तिथूनच शिकून बाहेर पडली.