त्वचेवरचा डाग आणि शाळेचे दार

(चिखलदरा येथे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



गेल्या हिवाळ्यात मेळघाटातील एका शाळेत एक मुलगा दाराजवळ वेगळ्या पोत्यावर बसलेला मी पाहिला. त्याच्या पायांवर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे होते. "इतर पालक तक्रार करतात, साहेब," असे गुरुजी म्हणाले. गुरुजी निर्दय नव्हते. त्यांच्यापर्यंत माहिती पोहोचली नव्हती. ती पोहोचविणे हे माझ्या खात्याचे काम. तेव्हा या दोषात माझाही वाटा आहे.

या विकाराला वैद्यकात इक्थिओसिस म्हणतात. तो बहुधा आनुवंशिक असतो. स्पर्शाने मुळीच पसरत नाही. तो समूळ जात नसला, तरी आटोक्यात राहतो. स्नानानंतर अंग ओलसर असतानाच व्हॅसलीनसारखे मलम लावावे. चिखलदऱ्याच्या थंडीत याची गरज अधिक. अशा काही मुलांना पुरेसा घाम येत नाही. त्यांना उन्हात कवायत करावयास लावू नये.

कोडही संसर्गजन्य नाही. त्याचा डाग पांढराशुभ्र असतो, परंतु तेथील संवेदना शाबूत असते. कुष्ठरोगाचा डाग फिकट किंवा तांबूस असून बहुधा बधिर असतो. मुलांच्या चेहऱ्यावरील डागात मात्र ही बधिरता आढळेलच असे नाही. म्हणून निदान आपण करू नये; मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. खात्रीचा उपचार दुर्मिळ होता त्या काळात, १९४६ मध्ये, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी आपल्या अमरावतीत तपोवन उभारले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आज सहा किंवा बारा महिन्यांच्या उपचाराने रोग बरा होतो. औषध मोफत मिळते. उपचार सुरू होताच संसर्गाचा धोका झपाट्याने ओसरतो. मुलाची शाळा बंद करण्याचे कारणच उरत नाही. उशीर झाला, तर मात्र हातापायांत कायमचे व्यंग येऊ शकते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, २०१३ पासून, आरोग्य पथक शाळेत येऊन मुलांची तपासणी करते. त्या दिवशी एकही मूल घरी राहणार नाही, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. डाग लपविण्यासाठी घरी ठेवलेल्या मुलालाच त्या तपासणीची सर्वांत अधिक गरज असते.

त्या शाळेतील गुरुजींना हे सारे सांगितले, तेव्हा त्यांनी स्वतः ते पोते उचलले आणि मुलाला इतरांच्या रांगेत बसविले. आपल्या गावातील शाळेत असे एखादे पोते अंथरलेले आहे काय, एवढे आपण उद्या जाऊन पाहावे, ही विनंती.